सांडशी धरणारा हात

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी मी सांडशीनं दुधाचं पातेलं उचलायला गेले आणि ते वीतभरही वर न जाता खाली टेकलं. लिटरभर दूध होतं, त्याहून जास्त नाही. उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की पकडच सुटली. ओट्यावर थोडं दूध उडालं, एवढंच. पण मी गॅस बंद करून तिथेच उभी राहिले. दोनच दिवसांपूर्वी जिममध्ये याच हातांनी मी 70 किलोचा बार जमिनीवरून पाच वेळा उचलला होता.

वजनं उचलायला मी लागले ती एक्केचाळिसाव्या वर्षी. त्या वर्षी आई घरातल्या घरात घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, असं निघालं. प्लास्टर घालणारे डॉक्टर तिच्याशी बोलून झाल्यावर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही आत्तापासून वजनं उचला." मी ते मनावर घेतलं. पहिले तीन महिने नुसता बार, 20 किलोचा. मग दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो. खरखरीत लोखंड तळव्याला लागलं की दिवसभराचं ऑफिस डोक्यातून उतरायचं. एका संध्याकाळी आरशात दंडावरची बेटकुळी दिसली तेव्हा झालेला आनंद मी कुणाला सांगितला नव्हता, इथे सांगते. शाळेत खेळाच्या तासाला कडेला बसणाऱ्या मुलीला आपलं शरीर चाळिशीनंतर पहिल्यांदा आपलं वाटलं होतं.

म्हणून ती कळ फार आत लागली.

नंतर वही उघडून मागचे दोन महिने पाहिले तेव्हा सगळं तिथे लिहिलेलंच होतं. जूनमध्ये मी पुल-अप, म्हणजे बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणं, सुरू केले होते. एक तरी पूर्ण पुल-अप काढायचाच म्हणून आठवड्यातून चार दिवस बारला लटकत होते. जमिनीवरून बार उचलायचा डेडलिफ्ट चालू होता, वजन पोटाकडे ओढायचं रोइंग चालू होतं. वहीत नव्हतं ते असं, की त्याच महिन्यात आमच्या कामाच्या मावशी गावी गेल्या होत्या. पावसाळ्याचे दिवस, कपडे वाळत नाहीत, म्हणून चादरी न् टॉवेल मी हातानं करकचून पिळत होते. चौघांच्या पोळ्या. ऑफिसात आठ तास माउस. जिममध्ये घातलेला भार मी किलोत मोजत होते, आणि घरातला मोजायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. कोपराला त्यातलं काहीच वेगळं कळत नाही. त्याच्यापाशी सगळ्याची एकच बेरीज होते.

एक करून बघा. डाव्या हाताचा पंजा उजव्या हाताच्या वरच्या अंगावर, कोपराच्या चार बोटं पुढे ठेवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. मूठ आवळली जाते ती तळव्याकडच्या स्नायूंनी, तरी वरच्या बाजूचे स्नायूही टणक झालेले हाताला लागतील. मूठ वळताना मनगट आत दुमडायला बघतं. ते दुमडू नये म्हणून मनगट मागे रोखून धरणारे स्नायू हे. ते जिथे हाडाला मिळतात ती जागा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर आहे, साधारण अंगठ्याच्या नखाएवढी. सांडशी धरा, बार धरा, पिळा घाला, लाटणं फिरवा, ओढ तिथेच येते. आणि तळवा जमिनीकडे असताना तर जास्तच येते. सांडशी धरताना तो तसाच असतो.

या दुखण्याचं नाव टेनिस एल्बो. मी उभ्या आयुष्यात रॅकेट धरलेली नाही. हे नाव आपल्या घराघरांत पोचलं ते 2004 मध्ये, सचिनमुळे. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी त्याच्या कोपरानं हुकवल्या. तिसऱ्या कसोटीत, नागपूरला, तो परत आला. पुढच्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा नागपुरातच श्रीलंकेविरुद्ध त्यानं 93 केले. तेव्हा आमच्या ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर त्याच्या जड बॅटीवर तासन् तास वाद चालायचे. त्या टेबलावरच्या बायका रोज पहाटे उठून पोळ्या लाटून आलेल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाचं कोपर दुखत असेल का, हा प्रश्न माझ्यासकट कुणाला पडला नव्हता.

खरं तर या दुखण्याची पहिली नोंद खेळाडूंची नव्हेच. 1873 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ती केली, आणि ती लिहिणाऱ्या माणसांच्या हाताबद्दल होती. टेनिस या नावाला चिकटलं नंतर, 1880च्या दशकात. कारकुनाच्या हाताचं दुखणं खेळाडूच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं आणि मग खेळाडू नसलेल्याला ते सांगायचीही लाज वाटू लागली, असं माझं मत आहे.

मी सर्वांत आधी केली ती विश्रांती. तीन आठवडे जिम बंद, बर्फ, मलम, कोपराखाली बांधायचा पट्टा. दुखणं ओसरलं. परत गेले, निम्म्या वजनानं सुरुवात केली, आणि दुसऱ्याच दिवशी दात घासताना कळ आली. तेव्हा रडू आलं.

मग गणपतीनंतर एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जागा दाबून पाहिली, दोन मिनिटं बोलले आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी हात माझा पूर्वीचा हात झाला होता. मी खिडकीतून कुंड्या उचलून गच्चीत नेल्या. आठवड्यात डेडलिफ्टला परतले. पुढे काय होऊ शकतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवताना दुखणं परतलं, पहिल्यापेक्षा वाईट. आता रात्री कूस बदलतानाही जाग यायची.

हे माझ्या एकटीचं नशीब नव्हतं, ते नंतर वाचताना कळलं. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टेनिस एल्बोच्या 165 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना स्टेरॉइड दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. सुरुवातीला स्टेरॉइडवाल्यांना छान वाटलं. वर्षानंतर पाहिलं तर पूर्ण किंवा बरेचसे बरे झालेले स्टेरॉइडच्या गटात 83 टक्के होते, मिठाच्या पाण्याच्या गटात 96 टक्के. दुखणं उलटलेले स्टेरॉइडच्या गटात 54 टक्के, दुसऱ्यात 12 टक्के. मी हे आकडे तीनदा वाचले. इंजेक्शन कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही, तो अधिकार माझा नाही. पण टोचण्यापूर्वी हे समोरच्या माणसाला सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मला सांगितलं असतं तर निदान त्या आठवड्यात मी बारला हात लावला नसता.

मार्गशीर्षात एका फिजिओथेरपिस्टकडे जायला लागले. वयानं माझ्याहून बरीच लहान मुलगी. पहिल्या दिवशी तिनं मशीन लावलं नाही, शेक दिला नाही. तासभर विचारत बसली. कपडे कोण धुतं, माउस कुठे असतो, बॅग कुठल्या खांद्याला, झोपताना हात कुठे. मग मान तपासली, करंगळीत मुंग्या येतात का विचारलं. मुंग्या असत्या तर दुखणं नसेचं किंवा मानेतून आलेलं असण्याची शक्यता होती. आणि मग म्हणाली, "ताई, हा हात दमलेला नाहीये. अशक्त झालाय. याला विश्रांती देऊन चालणार नाही, काम द्यायचंय. फक्त मोजून."

स्नायू आणि कंडरा यांत मी तोवर फरक करत नव्हते. स्नायू लाल, रक्तानं भरलेला. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा दोर. तिच्यात रक्त कमी पोचतं, तिचं सगळंच संथ चालतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेच्या वरच्या जाड कंडरेचा एक विलक्षण अभ्यास केला. 1955 ते 1963 या काळात अणुचाचण्यांमुळे हवेत जादा किरणोत्सर्गी कार्बन मिसळला होता. त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात तो गेला. पुढे त्या माणसांच्या कंडरा तपासल्या तेव्हा गाभ्यातला कार्बन अजून तसाच होता. म्हणजे साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडलेला कंडरेचा गाभा पुढे जवळजवळ नवा होतच नाही. ही टाचेची गोष्ट, कोपराची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ती वाचल्यापासून माझ्या कोपराकडे पाहायची माझी रीत बदलली. माझे स्नायू दोन वर्षांत तयार झाले होते. त्यांना हाडाशी धरून ठेवणारा दोर मात्र त्या वेगानं धावू शकत नव्हता, आणि बेटकुळी पाहून मी दोघांनाही एकाच चाबकानं हाकत होते.

दुसरी गोष्ट तिनं कागदावर चित्र काढून समजावली. निरोगी कंडरेचे तंतू एका दिशेनं, एकमेकांना घट्ट चिकटून असतात, नव्या सुंभासारखे. दुखऱ्या कंडरेत ते विस्कटलेले असतात, पीळ सुटलेला, मध्येच नको त्या रक्तवाहिन्या घुसलेल्या. 1979 मध्ये अमेरिकेतल्या नर्शल आणि पेट्रोन या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यांनाही असंच विस्कटलेलं ऊतक दिसलं. नुसती सूज असती तर बर्फानं आणि गोळ्यांनी उतरली असती. विस्कटलेले तंतू पुन्हा रांगेत यायला ओढ लागते. भार हाच त्यांना दिशा दाखवतो.

टाचेच्या बाबतीत हे ठामपणे दाखवणारा माणूस स्वीडनमधला अस्थिशल्यविशारद, हाकान आल्फ्रेडसन. 1998 मध्ये त्यानं 15 हौशी धावपटूंना बारा आठवडे टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला. दिवसाला 180 वेळा, दुखलं तरी. शस्त्रक्रियेच्या यादीत असलेली ती माणसं परत धावू लागली. पुढे हीच कल्पना गुडघ्याला आणि कोपरालाही लावून पाहिली गेली.

माझं काम सुरू झालं 2 किलोच्या डंबेलनं. 70 वरून 2. टेबलाच्या कडेवर हात आडवा ठेवायचा, पंजा कडेबाहेर, तळवा खाली. मनगट सरळ ठेवून डंबेल नुसतं धरून राहायचं, 45 सेकंद. दोन मिनिटं थांबायचं. असं पाच वेळा. तिसाव्या सेकंदाला हात थरथरायचा. दुखायचं, पण त्या दुखण्याला तिनं मोजमाप दिलं होतं. दहापैकी तीनपर्यंत चालेल, चारला सावध, पाचला थांबायचं. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. पातेलं उचलताना कालपेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं. आदल्या दिवशीइतकंच असेल तर बरोबर चाललंय. त्यामुळे रोज सकाळी दूध तापवताना माझी तपासणी व्हायची, आणि मी ओट्यावरच वहीत आकडा टाकायचे.

तीन आठवड्यांनी सोडण्याचा व्यायाम. डाव्या हातानं मदत करून डंबेल वर आणायचं आणि उजव्यानं एकटीनं खाली सोडायचं, एक, दोन, तीन, चार मोजत. वर नेणं सोपं वाटतं, खाली सोडताना समजतं हात किती दुबळा झालाय. त्याच्या जोडीला टॉवेलचा पिळा. ज्या पिळ्यानं माझं कोपर गेलं तोच पिळा, पण कोरडा टॉवेल, दोन्ही हात समोर, आणि उलगडताना उजव्या मनगटानं सावकाश रोखत सोडायचा. न्यूयॉर्कमध्ये 2010 साली रबराच्या दांडीनं 21 रुग्णांवर अशाच हालचालीचा प्रयोग झाला होता. मी जूनमध्ये चादरीला घालायचे तो पिळा आणि हा, यांत फरक वेगाचा आणि मोजणीचा. इतक्या लहान फरकावर सगळं अवलंबून असतं, हे हातानं करून पाहिल्याशिवाय मला पटलं नसतं.

हे आठवड्यातून तीनदाच, मध्ये किमान एक पूर्ण दिवस सोडून. भार पडल्यानंतर पहिला दिवस-दीड दिवस कंडरेत जुने तंतू मोडण्याचं काम नव्यानं घडण्यापेक्षा जास्त चालतं, नंतर पारडं फिरतं. रोज ओढत राहिलं तर ते फिरायची वेळच येत नाही. जूनमध्ये आठवड्याला चार दिवस पुल-अप, रोज पिळा, रोज पोळ्या. माझ्या कोपराला ती वेळ मी दोन महिने दिलीच नव्हती.

आईला मी हे सगळं उशिरा सांगितलं. तिच्यापासून लपवायचं म्हणून नव्हे. तिच्या मनगटामुळे मी वजनं उचलायला लागले आणि आता माझाच हात गेला, हे तिला कसं सांगावं कळत नव्हतं. संक्रांतीच्या आधी तिळाचे लाडू वळायला बसलो होतो. मी डाव्या हातानं वळत होते. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं लाडू खाली ठेवला, माझा उजवा हात स्वतःकडे ओढला आणि अंगठा नेमका त्या जागेवर ठेवला. शोधावी लागली नाही तिला. "इथे ना?" म्हणाली. "मला होतं हे. तू चौथीत होतीस तेव्हा. दीड-दोन वर्षं होतं."

आमच्या घरी तेव्हा नऊ माणसं होती. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं होतंस का. म्हणाली, "अगं, काय दाखवणार? हात दुखतो म्हणून? निर्गुडीचं तेल लावायचे रात्री."

आणि मग मला ती फडकी आठवली. आई सांडशी वापरत नाही. माझ्या आठवणीत कधीच नाही. दोन्ही हातांत जुन्या सुती साडीची दुमडलेली फडकी घेते आणि पातेलं दोन्ही बाजूंनी खालून, तळवे वर करून उचलते. लहानपणापासून मला वाटायचं, ही तिची पद्धत. फिजिओनं मला दुसऱ्या आठवड्यात नेमकं हेच सांगितलं होतं, जड काही उचलताना तळवा वर ठेवा, शक्यतो दोन्ही हात लावा. आईला ते कुणी शिकवलं नव्हतं. दुखऱ्या हातानं रोज पातेली उचलता उचलता तिनं न दुखणारी वाट शोधून काढली होती आणि ती वाट धरून नऊ जणांचा स्वयंपाक केला होता. त्या दुपारी मी तिच्या हाताला तेल लावलं. आता तिथे काही दुखत नाही, ती सांगत राहिली.

जिममध्येही मी तळव्याची दिशाच बदलली. रोइंगला आता तळवे एकमेकांसमोर. डेडलिफ्टला मनगटाचे पट्टे वापरते, म्हणजे बारचं वजन पट्ट्यांवर येतं आणि पाय-पाठ आपलं काम करू शकतात. पट्टे वापरणं म्हणजे फसवणूक, असं मानणारे लोक जिममध्ये आहेत. मला ते पटत नाही. पकड सुधारायचं काम मी वेगळं, मोजून करते आहे. एक हात उलटा, एक सुलटा धरून डेडलिफ्ट करायचे, ते सोडलं. उलट्या हाताच्या बाजूला दंडाच्या स्नायूची खालची कंडरा तुटण्याचा धोका असतो. तसं झालं तर कोपराच्या घडीत फट्कन तुटल्यासारखं होतं, बेटकुळी वर सरकून गोळा होते, निळं पडतं. तेव्हा व्यायाम नाही, त्याच दिवशी डॉक्टर. त्याची शस्त्रक्रिया करायची तर पहिल्या काही दिवसांत सोपी, उशीर झाला की अवघड. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर तो वेगळा प्रकार, तळव्याकडच्या स्नायूंचा. पुल-अपवाल्यांना बऱ्याचदा तोच होतो. बरं करायची रीत तीच, तळवा वर करून.

आणखी एक, जे आधीच कुणीतरी मला सांगायला हवं होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स कंडरा दुबळ्या करू शकतात, क्वचित तोडूही शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 मध्ये त्यांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की या गोळ्या सहज घेतल्या जातात. डॉक्टरांनी दिल्या तर आपण वजनं उचलतो हे त्यांना सांगा, आणि त्या काळात भार कमी ठेवा.

आता ज्येष्ठ चालू आहे. सात महिने झाले. टेबलाच्या कडेवर आता 5 किलोचं डंबेल असतं. फेब्रुवारीत एकदा ठीक वाटतंय म्हणून एकदम दीड किलो वाढवलं आणि बारा दिवस मागे गेले, ते वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय. डेडलिफ्ट पट्ट्यांसह 65 वर आलाय. पुल-अपच्या बारला गेल्या महिन्यापासून नुसती लटकते, पाय स्टुलावर टेकवून, 20 सेकंद. सकाळी उठल्यावर कोपर थोडं आखडलेलं असतं, चहा होईपर्यंत मोकळं होतं.

घरी डंबेल पाहून आईनंही मागितलं. तिला अर्ध्या किलोचं दिलंय. बरणीचं झाकण उघडत नाही अशी तिची तक्रार असते. आम्ही मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसतो. ती मोठ्यानं मोजते आणि चारपर्यंत जायच्या आत माझा हात खाली आला तर मला थांबवते.

गुरुवारचं पान असं आहे: 5 किलो, 12 वेळा, 3 सेट. करताना 2. शुक्रवारी सकाळी, पातेल्याला, सांडशीनं, 1. शनिवारी वजन तेच, वेळा 13.